भरलेली बाटली, न धुतलेली बाटली

लसी, प्रतिजैविके, इन्सुलिन यांच्या निर्मितीसाठी ज्या बंद पात्रात जिवाणू, यीस्ट अथवा पेशी वाढवितात, त्यास बायोरिॲक्टर म्हणतात. ऊब, ओलावा, पोषकद्रव्ये आणि खेळती हवा तेथे हेतुपुरस्सर पुरविली जाते. नवजात शिशुकक्षातील ऑक्सिजनची ह्युमिडिफायर बाटली व इन्क्युबेटरची पाण्याची टाकी यांत आपण नकळत जवळजवळ हेच करीत असतो.

हे मला फार महागात कळले. मी निवासी डॉक्टर असताना एकाच आठवड्यात कमी वजनाची दोन बालके सुडोमोनासच्या जंतुदोषाने दगावली. बाटलीतील पाण्याचे कल्चर केले, तेव्हा तोच जंतू आढळला. बाटली रोज भरली जात होती. रिकामी करून धुतली मात्र जात नव्हती.

बायोरिॲक्टर हाताळणारे तंत्रज्ञ या बाबतीत आपले गुरू ठरावेत. काम संपताच ते आतील जंतू प्रथम मारतात, मगच द्रव बाहेर सोडतात. नंतर नळ्या, झाकण, रबरी कडी सुटी करून डिटर्जंटने घासतात व भरपूर पाण्याने खळबळतात. कारण जंतू पृष्ठभागाला चिकटून बुळबुळीत थर तयार करतात आणि त्याखाली जंतुनाशक नीट पोहोचत नाही. चिरलेली रबरी कडी ते तत्काळ बदलतात. पुन्हा जोडणी करून दाब टिकतो की नाही हे पाहतात आणि 121 अंश सेल्सिअसला, 15 पौंड दाबाखाली, किमान 20 मिनिटे निर्जंतुक करतात. पात्र मोठे असल्यास अधिक वेळ. प्रत्येक पायरीची नोंद होते.

यातून आपल्यासाठी पुढील नियम निघतात :

1) बाटलीत केवळ निर्जंतुक पाणी वापरावे. डिस्टिल्ड पाणी निर्जंतुक असतेच असे नाही.

2) उरलेल्या पाण्यात नवे पाणी कदापि मिसळू नये. दर 24 तासांनी बाटली रिकामी करावी.

3) आधी धुवावी, मग जंतुनाशकात ठेवावी, निर्जंतुक पाण्याने खळबळावी व पूर्ण वाळवावी. ओल राहिली तर सारे श्रम वाया जातात.

4) बाळ आत असताना इन्क्युबेटर फिनॉलयुक्त द्रावणाने पुसू नये. अशा द्रावणांचा नवजात बालकांच्या वाढत्या काविळीशी संबंध 1970च्या दशकात निदर्शनास आला.

पालकांनीही हे ध्यानी घ्यावे. घरच्या नेब्युलायझरचा कप व मास्क प्रत्येक वापरानंतर साबणाच्या पाण्याने धुवून, खळबळून, स्वच्छ कापडावर वाळवावा. जंतुनाशन उत्पादकाच्या सूचनेनुसार करावे; प्रत्येक भाग उकळता येतोच असे नाही.

आज माझ्या रुग्णालयात प्रत्येक बाटलीवर तारीख आणि धुणाऱ्याची सही असते. सही नसलेली बाटली बाळाला लावावयाची नाही. रात्री दोन वाजता, घाईत, हा नियम मलाही जाचक वाटतो. तरीही तो मी पाळतो.