फुलावर आलेल्या मिरचीची पानं पिवळी का पडतात?

प्रश्न : सूसमध्ये नवव्या मजल्यावर राहतो. बंदिस्त बाल्कनीत एलईडी दिव्याखाली कुंड्यांमध्ये मिरची, चेरी टोमॅटो आणि जास्वंद आहे. वाढीच्या काळात पानं हिरवीगार होती, पण फुलं धरायला लागली तशी ती पिवळी पडू लागली. कुणी युरिया टाका म्हणतं, कुणी एप्सम सॉल्ट, कुणी पाणी तोडा म्हणतं. सोसायटीत कधी बोअरचं, कधी टँकरचं पाणी येतं. नेमकं काय करावं?
— एक वाचक, सूस

उत्तर : आज कुंडीत काहीही टाकू नका. आधी एवढंच पाहा की पिवळेपणा खालच्या जुन्या पानांवर आहे की शेंड्याच्या कोवळ्या पानांवर. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही द्रव्यं झाडाला जुन्या पानातून काढून नव्या पानाकडे, फुलाकडे, फळाकडे नेता येतात. त्यांची चणचण झाली की आधी खालची पानं झिजतात. लोह, कॅल्शियम आणि बोरॉन मात्र एकदा पानात बसले की तिथून फारसे हलत नाहीत, म्हणून त्यांची कमतरता शेंड्याला दिसते. तुम्हाला मिळालेले तिन्ही सल्ले कुठल्या ना कुठल्या झाडाला लागू पडतील. तुमच्या झाडाला कोणता लागू पडतो, ते पानाची जागा सांगेल.

फुलोऱ्यात खालची दोन-चार पानं सगळीच्या सगळी एकसारखी पिवळी होऊन गळत असतील, तर घाबरायचं कारण नाही. फूल आणि फळ भरायला नत्र लागतं आणि झाड ते जुन्या पानांतलं हरितद्रव्य आणि प्रथिनं मोडून पुरवतं. घरात दिव्याखाली हे लवकर होतं, कारण वरच्या पानांची दाटी झाली की खाली उजेड पोचत नाही आणि अंधारातलं पान पोसणं झाडाला परवडत नाही. हाच पिवळेपणा आठवड्याभरात मधल्या पानांपर्यंत चढला, तर मात्र नत्र खरोखरच कमी आहे. अशा वेळी गांडूळखताची एक-दोन मुठी किंवा लिटरला दोन ग्रॅम 19:19:19 पुरे. युरिया कुंडीत नकोच. प्रमाण जरा चुकलं की मुळं भाजतात.

जुन्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल, तर मॅग्नेशियमकडे बोट जातं. हरितद्रव्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमच असतं. इथे एक प्रश्न मीच विचारतो : फुलं आली म्हणून 0:52:34 किंवा 0:0:50 सुरू केलंत का? फुलाला पालाश लागतं हे खरं, पण पालाश जास्त झालं की मुळं मॅग्नेशियम कमी उचलतात. अशा वेळी ते खत थांबवून लिटरला पाच ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजेच एप्सम सॉल्ट, संध्याकाळी पानांवर फवारावं.

आता शेंड्याकडे या. तुमच्या पत्त्यावरून आणि पाण्यावरून माझा संशय इथेच सर्वांत जास्त आहे. कोवळं पान पिवळंधमक आणि त्यावर हिरव्या शिरांची बारीक जाळी, पुढे पान जवळजवळ पांढरं, हे लोह न मिळाल्याचं लक्षण. जास्वंदीवर ते सर्वांत स्पष्ट दिसतं. विचित्र वाटेल, पण सूसच्या डोंगरात लोहाला तोटा नाही. सगळा दख्खनचा बेसॉल्ट लोहाने भरलेला आहे, मुरमाचा तांबूस रंग लोहाचाच. अडचण विरघळण्याची आहे. मातीचा सामू म्हणजे पीएच एका अंकाने वाढला की तिच्यातलं विरघळलेलं फेरिक लोह साधारण हजारपटीने घटतं. याच खडकातून उपसलेल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट भरपूर असतात. नळाच्या तोटीवर आणि गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तोच चुना रोजच्या पाण्यासोबत कुंडीतही साठतो. सूस 2021 मध्ये पुणे महापालिकेत आलं, पण बऱ्याच सोसायट्यांची भिस्त अजून बोअर आणि टँकरवर आहे. ज्या झाडाला पहिले दोन-तीन महिने काही झालं नाही, ते नेमकं फुलावर आल्यावर पिवळं का पडतं, याचंही उत्तर यातच सापडतं. तोवर कुंडीत पुरेसा चुना साठलेला असतो आणि झाडाची भूकही तेव्हाच वाढते.

शेतकऱ्यांना हे नवं नाही. चुनखडीच्या रानात उन्हाळी भुईमूग असाच पिवळा पडतो, उसाचा खोडवाही पडतो, आणि त्यावर हिराकस फवारायची पद्धत आहे. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. यामागचं ज्ञान बरंच जुनं आहे. 1840 च्या दशकात फ्रान्समध्ये युसेब ग्रिस यांनी पिवळ्या पानांना लोहक्षाराचं पाणी लावून ती हिरवी करून दाखवली होती. तुम्ही घरी तेच करून पाहा. एक लिटर पाण्यात आधी एक ग्रॅम लिंबूसत्त्व आणि मग पाच ग्रॅम हिराकस विरघळवा. शेंड्याचं एक पिवळं पान निवडून मधल्या शिरेच्या एकाच बाजूला हे पाणी कापसाने, वरून आणि खालून लावा. दुसरी बाजू कोरडी ठेवा. आठवड्याभरात लावलेली बाजू हिरवी आणि दुसरी तशीच पिवळी दिसली, तर निदान पक्कं. याहून स्वस्त आणि खात्रीची परीक्षा माझ्या माहितीत नाही.

मातीचीही एक परीक्षा करा. कुंडीतली चमचाभर कोरडी माती बशीत घेऊन तिच्यावर व्हिनेगर टाका. बुडबुडे फसफसले तर मातीत मोकळा चुना आहे. नर्सरीत ‘लाल माती’ म्हणून मिळते ती प्रत्येक वेळी कोकणातली जांभ्याची आम्लधर्मी माती नसते, त्यामुळे नुसत्या रंगावर जाऊ नका.

निदान लोहाचं निघालं तर तेच हिराकसचं पाणी दर आठ-दहा दिवसांनी, दिवा बंद झाल्यावर, दोन-तीन वेळा फवारा. उमललेल्या फुलांवर आणि फरशीवर उडू देऊ नका, डाग जात नाहीत. मातीत नुसतं हिराकस टाकणं वाया जातं, कारण चुना ते लगेच बांधून टाकतो. शेणखतात आठवडाभर मुरवून दिलं तर थोडं टिकतं. कृषी सेवा केंद्रात चिलेटेड लोह मिळतं, पण पुडीवरचं नाव वाचा : ‘ईडीटीए’ असेल तर ते फवारणीला बरं. चुनखडीच्या मातीत द्यायचं तर ‘ईडीडीएचए’ हवं, कारण पहिलं या सामूला तग धरत नाही.

पण फवारणी म्हणजे तात्पुरती सोय, मूळ दुखणं पाण्याचं आहे. काटकसरीपोटी अनेक घरांत आरओ यंत्राचं टाकाऊ पाणी झाडांना घातलं जातं. त्यात मूळ पाण्यातले क्षार अधिक दाट होऊन उतरलेले असतात. ते फरशी पुसायला वापरा, कुंडीला अजिबात नको. सोसायटीत सॉफ्टनर असेल तर तेही पाणी टाळा. त्यातला कॅल्शियम जातो, पण जागी सोडियम येतो आणि बायकार्बोनेट तसेच राहतात. त्याऐवजी पावसाळ्यात गच्चीवरून उतरणारं पाणी पिंपात साठवा. उन्हाळ्यात एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणीही जवळजवळ क्षारमुक्त असतं, ते बोअरच्या पाण्यात निम्मं-निम्मं मिसळा. बोअरच्या पाण्यात लिटरला चिमूटभर लिंबूसत्त्व घातलं तर सामू उतरतो, पण मातीतले जीवाणू ते खाऊन टाकतात, म्हणून तो उपाय फार काळ पुरत नाही. महिन्यातून एकदा कुंडी मोरीत नेऊन पावसाच्या पाण्याने, खालून मोकळेपणी वाहेपर्यंत धुऊन काढणं जास्त उपयोगी.

पाणी तोडा असं सांगणाऱ्याचंही ऐका. माती ओली असूनही झाड मलूल असेल, तर कुंडी आडवी करून रोप अलगद बाहेर काढा. मुळं पांढरी हवीत. तपकिरी, बुळबुळीत आणि आंबूस वासाची असतील तर ती गुदमरली आहेत. ओलीत चुनाही जास्त त्रास देतो. कुंडीखालच्या बशीतलं पाणी रोज ओतून द्या.

सरसकट पिवळेपणाऐवजी सुईने टोचल्यासारखे बारीक ठिपके असतील तर खत विसरा. पानाखाली पांढरा कागद धरून पान झटका. टिंबाएवढे ठिपके चालू लागले तर तो लाल कोळी. बंद, कोरड्या बाल्कनीत तो हमखास येतो. पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा आणि नंतर कडुनिंबाचं तेल इतक्यावर सुरुवातीला भागतं. आणि फक्त दिव्याच्या अगदी जवळची पानं शिरांसकट फिकट झाली असतील, तर दिवा वीतभर वर घ्या.

दिव्याखालच्या झाडांसाठी कॅल्शियम-मॅग्नेशियमची बाटली सांगणारे परदेशी तक्तेही तुम्ही पाहिले असतील. त्यांतले बरेच, जिथे कायद्याने मुभा आहे तिथल्या घरगुती गांजाच्या रोपांसाठी केलेले आहेत. आपल्याकडे 1985 च्या अमली पदार्थ कायद्यानुसार ते रोप परवान्याविना लावणं गुन्हा आहे. शिवाय ते तक्ते पीट आणि मऊ पाणी गृहीत धरतात. बोअरच्या पाण्यातून आधीच कॅल्शियम मिळणाऱ्या कुंडीत ती बाटली ओतली तर सूसमधली मिरची अधिकच पिवळी पडेल.

उपाय लागू पडला का, हे जुन्या पानांवरून ठरवू नका. खालचं पूर्ण पिवळं झालेलं पान पुन्हा हिरवं होत नाही, ते खुडून टाका. फवारणीनंतर फुटलेली पहिली दोन पानं पाहा. ती हिरवी आली आणि फुलं न गळता मिरच्या धरू लागल्या, तर फवारणी थांबवा आणि पाण्याची नवी सोय तशीच चालू ठेवा.