पचनसंस्था : शरीरातील पाण्याचा जमाखर्च

रत्नागिरी परिसरात पावसाळा सुरू झाला की विहिरींचे पाणी गढूळ होते व जुलाब-उलट्यांच्या तक्रारी वाढू लागतात. अशा वेळी नातेवाईक हमखास विचारतात, "पोटात काही ठरतच नाही, तर पाणी तरी कशाला द्यावे?" या प्रश्नाचे उत्तर पचनसंस्थेच्या कार्यातच आहे.

अन्नाचा प्रवास मुखापासून सुरू होतो. चावलेल्या भातात लाळ मिसळते व पिष्टमय पदार्थांचे पचन तेथेच आरंभ पावते. सुमारे २५ सेंटीमीटर लांबीच्या अन्ननलिकेतून घास जठरात उतरतो. जठरातील आम्ल अनेक जंतूंचा नाश करते, तर पाचकरस मासे व डाळ यांतील प्रथिनांचे पचन सुरू करतो. पुढे सुमारे ६ मीटर लांबीचे लहान आतडे लागते. यकृतात तयार होणारे व पित्ताशयात साठणारे पित्त येथे तेला-तुपाचे सूक्ष्म कण करते. स्वादुपिंडाचा रस पिष्ट, प्रथिने व स्निग्ध पदार्थ या तिन्हींचे पचन करतो. पचलेले अन्न व बहुतांश पाणी येथेच शोषले जाते. उरलेले पाणी व क्षार सुमारे दीड मीटर लांबीचे मोठे आतडे शोषून घेते.

हिशेबाच्या भाषेत सांगावयाचे तर, प्रौढ मनुष्य दिवसाकाठी सुमारे २ लीटर द्रव घेतो. लाळ, पित्त व इतर पाचकरसांच्या रूपाने शरीर त्यात स्वतःचे सुमारे ७ लीटर घालते. या ९ लीटरपैकी मळावाटे जेमतेम १०० ते २०० मिलिलीटर बाहेर पडते. बाकी सर्व शरीर परत वसूल करते. जुलाबात ही वसुली बिघडते व मूळ भांडवलच वाहून जाते. लहान मुलाजवळ ते मुळातच थोडे असते, म्हणून त्याला धोका अधिक.

मात्र जुलाबातही मीठ व साखर एकत्र दिल्यास आतडे ती शोषून घेते आणि त्यांच्यामागोमाग पाणीही आत जाते. जलसंजीवनीचे तत्त्व हेच. १९७१ साली पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासित छावणीत पटकीची साथ असताना सलाईन अपुरे पडले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी रुग्णांना असे द्रावण तोंडाने पाजले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले.

जलसंजीवनीचे पाकीट नसल्यास उकळून गार केलेल्या १ लीटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे आणि घोट घोट पाजावे. उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरुवात करावी. तान्ह्या बाळाचे स्तनपान बंद करू नये. मोठ्यांना मीठ घातलेली पेज द्यावी. डोळे खोल जाणे, लघवी कमी होणे, सुस्ती, मळात रक्त किंवा पाणीही न पिणे ही लक्षणे दिसताच रुग्णास विनाविलंब रुग्णालयात आणावे, व वाटेतही पाजणे चालू ठेवावे.

देणगीतून खाटा व उपकरणे उभी राहतात. परंतु घरी वेळेवर पाजलेला पहिला पेला कोणत्याही देणगीने विकत घेता येत नाही. तो कुटुंबाच्याच हाती आहे.