अधिवृक्क ग्रंथीतील अवचित गाठ आणि सुईची तपासणी

मूतखड्यासाठी सीटी स्कॅन करावा आणि अहवालात मूत्रपिंडाच्या माथ्यावरील अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथीत गाठ आढळावी, हा अनुभव आता विरळा राहिलेला नाही. एक सेंटिमीटर वा त्याहून मोठ्या अशा अवचित गाठीस ‘इन्सिडेंटालोमा’ म्हणतात. नातेवाईक विचारतात, “सुई घालून लगेच तपासता येणार नाही का?” पेशीतज्ज्ञ या नात्याने माझे उत्तर बहुधा ‘थोडे थांबावे’ असे असते.

गाठ फिओक्रोमोसायटोमाची असल्यास सुईच्या स्पर्शाने संप्रेरकांचा लोंढा रक्तात येऊन रक्तदाब प्राणघातक पातळीवर जाऊ शकतो. म्हणून रक्तातील वा चोवीस तासांच्या लघवीतील मेटॅनेफ्रिनची चाचणी आधी हवीच. रक्तदाब सर्वसाधारण आहे, ही सबब चालणार नाही. कॉन्ट्रास्टविना केलेल्या सीटीत एकजिनसी गाठीची घनता १० हाउन्सफिल्ड एकके वा त्याहून कमी असेल, तर ती निरुपद्रवी समजावी; २०२३ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पुढील चित्रणही नको. ग्रंथीच्या बाह्यकातील साधी गाठ आणि कर्करोग यांतील भेद तर विखुरलेल्या पेशींवरून खात्रीने सांगता येत नाही. तेथे शल्यचिकित्सकाचा मान पहिला.

मग सुईचे प्रयोजन काय? अन्य अवयवाचा, विशेषतः फुप्फुसाचा, कर्करोग ज्ञात असून ग्रंथीतील गाठ त्याचाच प्रसार आहे काय, यावर उपचार ठरणार असतील तेथे. आणि आपल्या देशात आणखी एका प्रसंगी. दोन्ही ग्रंथी वाढलेल्या, वजन घटलेले, त्वचा काळवंडलेली, रक्तदाब उतरलेला, असे चित्र दिसताच ‘पसरलेला कर्करोग’ असा शिक्का मारण्याची घाई होते. साठीच्या एका मधुमेही गृहस्थांच्या घरच्यांनी अशीच आशा सोडली होती. काचपट्टीवर मला कर्कपेशी दिसल्या नाहीत. भक्षकपेशींत दोन ते चार मायक्रॉनच्या बुरशीपेशी खच्चून भरल्या होत्या. हिस्टोप्लाझ्मोसिस! इट्राकोनॅझोल व हायड्रोकॉर्टिसोन यांवर ते हिंडूफिरू लागले. थॉमस ॲडिसनने १८५५ मध्ये वर्णिलेल्या रोगाचे क्षय हे जुने कारणही आपल्याकडे अद्याप सरलेले नाही.

व्यवसायबंधूंना एक विनंती. काढलेले सर्व द्रव्य फॉर्मेलिनमध्ये बुडवू नये. थोडे निर्जंतुक नळीत कल्चर व क्षयाच्या सीबीनॅट चाचणीसाठी राखावे. अर्जावर मेटॅनेफ्रिन व सकाळच्या कॉर्टिसॉलचे आकडे असावेत. ते नसतील तर मी सुई हाती घेत नाही.