आधी पाय बघा

सिंधुदुर्गात भातलावणीच्या दिवसांत दवाखाना चालवताना शिकलो ते हे.

१. ताप किती, हे नंतर. गेल्या पंधरा दिवसांत पाय कुठल्या पाण्यात होते, हे आधी विचारावं. एका शेतकऱ्याची मी जीभ पाहिली, छाती तपासली आणि ‘पावसात भिजलात’ म्हणून पॅरासिटामॉल लिहून दिलं. तो दारातून मागे वळला. “डॉक्टरांनू, ताप ऱ्हवांदे, आधी ह्ये पाय बघा.” पोटरीवर नुसतं बोट टेकवलं तर कळवळला. डोळे लालभडक, पण चिपडं नाहीत. टाचांच्या भेगांत शेतातला चिखल. लेप्टो! उंदरा-गुरांच्या मुतातले जंतू साचल्या पाण्यातून अशाच भेगांवाटे आत शिरतात. तो वळला म्हणून वाचला, माझ्यामुळे नव्हे.

२. लेप्टोचा संशय आला की रिपोर्टसाठी थांबू नये. आयजीएम चाचणी पहिल्या चार-पाच दिवसांत बऱ्याचदा निगेटिव्ह येते. डॉक्सीसायक्लिन लगेच सुरू करावं. गर्भार बायका आणि लहान मुलांना दुसरी औषधं आहेत. लघवी कमी झाली, डोळे पिवळे दिसले, धाप लागली, तर १०८ ला फोन.

३. अंग उघडून बघावं. काखेत, जांघेत, कमरेला भाजल्यासारखी काळी खपली असते. दुखत नाही, म्हणून कुणी सांगत नाही. हा स्क्रब टायफस, झुडपा-गवतातल्या बारीक किड्याचा चावा. परकराच्या नाडीखालची अशी खपली एकदा आमच्या सिस्टरना दिसली. मी तिथवर पोचलोच नव्हतो.

४. डेंग्यूत ताप उतरला की घरचे निघायची घाई करतात. नेमके तेच एक-दोन दिवस जपायचे. पोटात कळ, सारख्या उलट्या, हातपाय गार, हिरड्यांतून रक्त, यातलं काहीही दिसलं तर रुग्णाला हलवावं. अंगदुखीवर अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन मुळीच नको.

५. मलेरियासाठी हुडहुडीची वाट पाहू नये. बोटाला टोचून रक्त घ्यावं.

६. लेप्टो होऊ नये म्हणून लावणीच्या दिवसांत धोक्याच्या गावांत डॉक्सीसायक्लिनची आठवड्याची गोळी वाटतात. धडधाकट माणूस ती खिशात टाकतो, मग ती फळीवरच पडून राहते. चिखलात रोपं लावणाऱ्याला गमबूट घाला म्हणणंही सोपं नाही, बूट रुतून बसतात. म्हणून मी हल्ली नुसती गोळी देत नाही. जेवून आलात का विचारतो आणि पाण्याचा तांब्या पुढे करतो.