शून्य ब्रोकरेजचा खरा हिशेब

अमेरिकी शेअर घेतल्यावर अ‍ॅपमध्ये दोन आकडे दिसतात. ब्रोकरेज 0, आणि भाव 20.0187 डॉलर. पहिला आकडा बघून बरं वाटतं. खर्च समजून घ्यायचा तर बघायला हवा दुसरा.

20.0187 ला घ्यायची ऑर्डर तुम्ही स्वतः टाकायला गेलात तर अ‍ॅप ती घेणार नाही. 1 डॉलर आणि त्याहून महाग शेअरसाठी सेंटाहून बारीक भावाची ऑर्डर स्वीकारायला अमेरिकेत 2005 च्या नियम 612 नुसार बंदी आहे. सौदा मात्र त्याहून बारीक भावात पूर्ण होऊ शकतो, आणि सगळी गंमत याच फटीत आहे. ‘फुकट’ ब्रोकरकडची तुमची मार्केट ऑर्डर बहुधा शेअर बाजारात जातच नाही. ती सिटाडेल सिक्युरिटीज किंवा व्हर्चूसारख्या घाऊक व्यापाऱ्याकडे जाते. तो स्वतःच्या खात्यातून शेअर देतो, बाजारभावापेक्षा किंचित स्वस्त देतो, आणि अशा ऑर्डरी पाठवल्याबद्दल अनेक ब्रोकरांना पैसेही मोजतो. भारतात ब्रोकरला ऑर्डर एक्स्चेंजवरच न्यावी लागते, त्यामुळे आपल्याकडच्या गुंतवणूकदाराला हा मधला माणूस सहसा ठाऊक नसतो.

आता हिशेब. समजा, बाजारात घेणाऱ्याचा भाव 20.00 आणि विकणाऱ्याचा 20.02 आहे. तुम्ही 100 शेअर 20.0187 ला घेतलेत. ब्रोकर अभिमानाने दाखवतो, ‘13 सेंट वाचले.’ भाजीवाल्याने वर टाकलेली कोथिंबीर ती हीच. पण मधला भाव 20.01 होता आणि त्याच्यावर तुम्ही 87 सेंट दिलेत. त्यातून व्यापाऱ्याचा नफा आणि ब्रोकरचा वाटा निघतो. विकताना पुन्हा तसंच. म्हणून ‘किती वाचले’ हे विचारण्यात फारसा अर्थ नाही, मध्यभावापासून किती लांब पडलो ते मोजावं. ऑर्डर टाकण्याआधी दोन्ही भाव पाहून ठेवले की पुरे.

ब्रोकरचा हा वाटा नेहमीच क्षुल्लक नसतो. डिसेंबर 2020 मध्ये रॉबिनहूड या ‘फुकट’ ब्रोकरने अमेरिकी बाजार नियामक एसईसीशी 6.5 कोटी डॉलर दंडावर तडजोड केली, आरोप मान्य वा अमान्य न करता. खराब भावांमुळे, वाचलेलं कमिशन धरूनही, ग्राहकांचं 3.41 कोटी डॉलरचं नुकसान झालं, असं एसईसीच्या आदेशात म्हटलं होतं.

तरीही मोठ्या, भरपूर उलाढालीच्या शेअरमध्ये दहा-वीस शेअर घेणाऱ्याने सेंटाच्या अंशावर झोप उडवून घेऊ नये. पैसे जातात ते कमी उलाढालीच्या शेअरमध्ये. 7.10 आणि 7.30 असे भाव असलेले 300 शेअर मार्केट ऑर्डरने 7.30 ला घेतले, तर मध्यभावावर 30 डॉलर गेले. इथे 7.20 ची लिमिट ऑर्डर टाकून वाट पाहावी. सौदा होईलच असं नाही, पण नाहीच झाला तर खिशातून काही जात नाही. बाजार उघडतो न्यूयॉर्कच्या साडेनऊला, म्हणजे आपल्याकडे त्यांच्या उन्हाळी वेळेत संध्याकाळी सातला, एरवी आठला. पहिली दहा-पंधरा मिनिटं भावांतली दरी बहुधा रुंद असते. ‘50 डॉलरचा शेअर द्या’ अशी तुकड्यांतली खरेदी अनेक अ‍ॅपांवर मार्केट ऑर्डरनेच होते, हेही लक्षात असू द्या.

विक्रीवर सरकारी आणि नियामक शुल्क वेगळं लागतं, पण ते किरकोळ. 2025 मध्ये ब्रोकरांवर देखरेख करणाऱ्या फिनरा या संस्थेचं शुल्क शेअरमागे 0.000166 डॉलर होतं, म्हणजे 100 शेअरला 2 सेंटही नाही. एसईसीच्या शुल्काचा दर बदलत राहतो.

पुण्या-नाशकाहून पैसे पाठवणाऱ्याचा मोठा खर्च तर शेअरपर्यंत पोचण्याआधीच होतो. बँकेने डॉलरच्या दरात 1 टक्का लावला, तर 1000 डॉलरमागे 10 डॉलर गेले. वरच्या उदाहरणातले 87 सेंट त्यापुढे काहीच नाहीत. एप्रिल 2025 पासून वर्षाला 10 लाख रुपयांवरच्या गुंतवणुकीच्या रकमेवर 20 टक्के टीसीएस (उगमावर गोळा होणारा कर) कापला जातो. तो आयकरात वळता होतो, पण तोवर रक्कम अडकते. तेव्हा ब्रोकरांची तुलना करण्याआधी दोन बँकांकडून त्या दिवसाचा डॉलरचा दर, पाठवणीचं शुल्क धरून, लेखी मागवा.

नियम 606 नुसार अमेरिकी ब्रोकरला दर तिमाहीला ऑर्डरी कुठे पाठवल्या आणि त्याबद्दल काय मिळालं ते जाहीर करावं लागतं. ग्राहकाने मागितलं तर त्याच्या स्वतःच्या गेल्या सहा महिन्यांच्या ऑर्डरी कुठे गेल्या तेही सांगावं लागतं. कमी दरीच्या शेअरसाठी एका सेंटाऐवजी अर्ध्या सेंटाच्या टप्प्याने भाव लावायचा नियम एसईसीने सप्टेंबर 2024 मध्ये मंजूर केला, पण नोव्हेंबर 2025 ची मूळ मुदत पुढे ढकलली गेली.