पेनचा जोड कसा निवडावा

बापूजी सेगावला राहायला आले ते १९३६ साली. त्या गावाचे नाव १९४० साली सेवाग्राम झाले. सेगावच्या आधी ते वर्ध्यात मगनवाडीला राहत. राजमहेंद्रीच्या रत्नम् यांनी एक स्वदेशी पेन बनवले आणि कुमारप्पांमार्फत बापूजींकडे पाठवले. बापूजींनी ते वापरून पाहिले. मग १९३५ च्या जुलैत रत्नम् यांना पत्र लिहिले. परदेशी पेनांच्या जागी हे चांगले चालेल, असे त्यात होते.

आता लाकडी पेनाचे पाहू. कातारी लेथवर लाटणे काततो, तसेच पेनही कातता येते. लाकूड आपल्या घरचे चालते. आतले भाग मात्र तयार मिळतात. पितळेची नळी, टोक, क्लिप, फिरकी आणि रिफिल. या सर्वांना मिळून आम्ही जोड म्हणतो.

नवशिका माणूस स्वस्त म्हणून बारीक पेनचा जोड घेतो. त्यात दोन नळ्या असतात. भोक सात मिलिमीटरचे पाडावे लागते. इथवर ठीक. पण त्यात बहुधा क्रॉस जातीची रिफिल बसते, आणि ती गावाकडच्या दुकानात सहसा मिळत नाही. मग काय होते? कुणी हौसेने पेन घेतो. शाई संपते. नवी रिफिल मिळत नाही. पेन कोनाड्यात पडते, आणि तो माणूस परत आपल्याकडे येत नाही. म्हणून जोड घेतानाच विचारावे, "दादा, यात रिफिल कोणती बसते?" पार्कर जातीची बसत असेल तर घ्यावा. ती पुष्कळ ठिकाणी मिळते. असा एकाच नळीचा जाड जोड मिळाला तर फारच बरे. दोन तुकडे जुळवण्याची कटकट नाही.

सोनेरी मुलाम्याला भुलू नये. हाताच्या घामाने तो लवकर उडतो. क्रोमचा जास्त टिकतो.

लाकूड सागाचे, शिसवीचे, बाभळीचे, कोणतेही घ्या. पण ते वाळलेले हवे. ओले लाकूड मागाहून आटते. पितळ काही आटत नाही. मग लाकूड तडकते. आमची पहिली दोन पेने अशीच फुकट गेली!

नळी बसवण्याआधी काचकागदाने घासून खरबरीत करावी, म्हणजे चिकटा धरतो. नळीचे तोंड कच्च्या बटाट्याच्या चकतीत दाबावे. बटाट्याचे बूच बसते, चिकटा आत जात नाही. वाळल्यावर बूच टोचून काढावे. लाकडाची दोन्ही टोके नळीशी काटकोनात सपाट करावी. तिरपी राहिली तर भाग दाबताना लाकूड फुटते.

लेथवर काम करताना बाह्या वर सारा, पदर किंवा उपरणे खोचून घ्या, डोळ्यांना चष्मा लावा. शिसवीची धूळ नाकात जाऊ देऊ नका.

फिरकी एकदम दाबू नये. थोडी दाबावी, रिफिल घालून पाहावी, पुन्हा थोडी दाबावी. जास्त आत गेली तर रिफिलचे टोक बाहेरच राहते, आणि खिशाला शाई लागते.

जोडासोबत आलेली रिफिल पुष्कळदा हलकी असते. ती काढून चांगली घाला. मग वहीचे एक पान भरून लिहा. अक्षर अडखळले नाही, तरच ते पेन विकायला ठेवा.