काटा चुकतो तेव्हा : आधी केबल, मग कॅलिब्रेशन

भंगार, धान्य, लोखंड, लाकूड अशा धंद्यांत इलेक्ट्रॉनिक प्लॅटफॉर्म काटा आता सर्रास दिसतो. आकडा चुकू लागला की मालक म्हणतो, "कॅलिब्रेशन करून द्या." कारागीर बटणे दाबून आकडा जमवून देतो आणि चार दिवसांत तक्रार पुन्हा हजर! मध्यंतरी भंगाराच्या एका दुकानात आम्ही हेच पाहिले. तीनदा कॅलिब्रेशन झाले होते. दोष मात्र उंदराने कुरतडलेल्या केबलमध्ये होता. दरम्यान कोणाचा किती माल कमी-जास्त तोलला गेला, याचा हिशेब कोण देणार?

मोठ्या काट्याच्या चार कोपऱ्यांखाली चार लोड सेल असतात. वजन पडले की सेलचा धातू किंचित वाकतो आणि त्यावर चिकटवलेल्या स्ट्रेन गेजचा रोध बदलतो. ट्रकचा वजनकाटा आणि गाडीच्या चाकावरील बल मोजणारी उपकरणे याच तत्त्वावर चालतात. यातील विद्युत संकेत फार क्षीण असतो. २ मिलिव्होल्ट प्रति व्होल्ट क्षमतेच्या ५०० किलोच्या सेलला ५ व्होल्ट दिले, तर पूर्ण भाराला फक्त १० मिलिव्होल्ट मिळतात. म्हणजे एका किलोला ०.०२ मिलिव्होल्ट! केबलमध्ये थोडी ओल शिरली तरी आकडा भरकटतो.

म्हणून तपासणीचा क्रम असा ठेवावा :

१) काट्याचा पत्रा व सांगाडा यांमध्ये खडा, माती अडकली आहे का ते पाहा.

२) एकच वजन चारही कोपऱ्यांवर आळीपाळीने ठेवा. ज्या कोपऱ्यात आकडा वेगळा, तिथला सेल किंवा केबल संशयित.

३) वीज बंद करून त्या सेलच्या तारा जंक्शन बॉक्समधून सोडवा व मल्टिमीटर लावा. ३५० ओहमच्या सेलमध्ये संकेताच्या जोडीत सुमारे ३५०, तर पुरवठ्याच्या जोडीत ३५० ते ४१० ओहम दिसतात. तारांचे रंग कंपनीप्रमाणे बदलतात, लेबल वाचावे. चांगल्या सेलशी तुलना करावी. मोजताना केबल हलवा. आकडा उड्या मारू लागला तर तार आतून तुटलेली समजा.

४) कोणतीही तार व सेलचे धातूचे अंग यांत जोड दिसता कामा नये. दिसल्यास ओल शिरली आहे किंवा आवरण फाटले आहे.

चार तारांच्या सेलची केबल कापून आखूड करू नये. तिची लांबी धरूनच सेलचे माप ठरवलेले असते.

हे सर्व झाल्यावरच आधी शून्य, मग प्रमाणित वजनांनी कॅलिब्रेशन करावे. वैधमापन अधिनियम, २००९ प्रमाणे दुरुस्तीला परवाना लागतो. मालकाने स्वतः सील तोडू नये आणि दुरुस्तीनंतर फेरपडताळणी व मुद्रांकन करून घ्यावे. त्यात चार पैसे व एक दिवस जाईल. पण गिऱ्हाइकाचा भरवसा एकदा गेला की तो कोणत्याही बटणाने परत येत नाही.